ट्रेडमार्क नोंदणी सल्लागार, राजारामपुरी: अर्ज चोख, देखभाल मात्र आपल्याच जिवावर

आमच्या घरच्या कांदा-लसूण मसाल्याच्या नावाची आणि लेबलची नोंदणी कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका ट्रेडमार्क सल्लागाराच्या कार्यालयामार्फत झाली. प्रमाणपत्र हाती येऊन बराच काळ लोटल्यावर हे लिहीत आहे, कारण अशा सेवेची खरी ओळख प्रमाणपत्र मिळाल्यानंतरच पटते. अर्जाच्या कामाला मी उत्तम म्हणेन. त्यानंतरच्या कामाबद्दल तसे म्हणता येणार नाही.

पहिल्या भेटीत सल्लागारांनी अर्ज भरायला न घेता आधी नावाचा शोध घेतला आणि आमच्या मनातले पहिले नाव स्पष्टपणे नाकारले. त्या नावात ‘कोल्हापुरी’ आणि ‘झणझणीत’ याखेरीज काही नव्हते. गाव सांगणाऱ्या किंवा मालाचा गुण सांगणाऱ्या शब्दावर एकट्याची मालकी मिळणे ट्रेडमार्क अधिनियम, 1999 च्या कलम 9 मुळे अवघड आहे, आणि असा शब्द लेबलवर ठेवला तरी त्यावर स्वतंत्र हक्क सांगता येत नाही, हे त्यांनी शांतपणे समजावले. आपल्याकडे चप्पल लाईन या चपलांच्या बाजारातील काही व्यावसायिकही ‘कोल्हापुरीला तर जीआय आहे, मग वेगळा ट्रेडमार्क कशाला’ असे म्हणतात. तो भौगोलिक निर्देशांक महाराष्ट्र आणि कर्नाटकातील आठ जिल्ह्यांच्या कारागिरांसाठी आहे आणि त्याची नोंदणी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांकडे आहे. एखाद्या दुकानाचे स्वतःचे नाव त्याने सुरक्षित होत नाही. शेवटी आम्ही आजेसासूबाईंच्या माहेरच्या वाड्याचे नाव घेतले. शोधात त्याच्याशी मिळतेजुळते असे दुसरे चिन्ह आढळले नाही.

वर्गांच्या, म्हणजे नोंदणीसाठी पाडलेल्या मालाच्या गटांच्या, बाबतीतही सल्ला प्रामाणिक होता. मसाला वर्ग 30 मध्ये येतो आणि लोणची वर्ग 29 मध्ये, आणि प्रत्येक वर्गाचे शुल्क वेगळे. ‘लोणची खरोखर विकणार असाल तरच दुसरा वर्ग घ्या’ असे सांगून त्यांनी स्वतःच्याच बिलाचा आकडा कमी ठेवला. उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) असल्यामुळे ऑनलाइन अर्जाचे सरकारी शुल्क प्रत्येक वर्गाला 9,000 ऐवजी 4,500 रुपये पडले आणि त्याची पावती सल्लागाराच्या फीपासून वेगळी मिळाली. लेबल रंगीत न देता कृष्णधवल देण्याचा आग्रह मला सुरुवातीला विचित्र वाटला होता. परंतु रंगाची मर्यादा न घालता नोंदवलेले चिन्ह सर्व रंगांसाठी नोंदवले गेल्याचे कायदा मानतो, त्यामुळे पाकिटाचा रंग पुढे बदलला तरी अडत नाही. पूर्वीपासूनच्या वापराचा दावा करताना शपथपत्रासोबत जुनी बिले जोडावी लागली, आणि ती शोधण्यातच आमचा सर्वाधिक वेळ गेला.

मधल्या टप्प्यांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या, म्हणजे नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, परीक्षण अहवालात आक्षेप आला, त्याचे उत्तर 30 दिवसांत द्यायचे असते आणि ते मुदतीत गेले. त्यानंतर ट्रेडमार्क जर्नल या रजिस्ट्रीच्या अधिकृत पत्रिकेत प्रसिद्धी झाली, चार महिन्यांत कोणी विरोध नोंदवला नाही आणि प्रमाणपत्र ईमेलने आले. महाराष्ट्राचे काम पाहणारी रजिस्ट्री मुंबईत अँटॉप हिलला असली, तरी सर्व काम ऑनलाइन झाल्यामुळे मुंबईची खेप वाचली.

माझी तक्रार पुढची आहे. अर्जात ‘सेवेसाठीचा पत्ता’ आणि ईमेल म्हणून कार्यालयाने केवळ स्वतःचाच तपशील घातला होता. रजिस्ट्रीची प्रत्येक सूचना त्यामुळे त्यांच्याकडे जाते, नूतनीकरणाची आठवणसुद्धा. उद्या ते कार्यालय हलले किंवा बंद पडले तर मालकाला काहीच कळणार नाही. प्रमाणपत्राखालच्या टिपेतच मालकी, व्यवसायाचे ठिकाण किंवा सेवेचा पत्ता बदलल्यास ती नोंद ताबडतोब करून घ्यावी असे छापलेले असते. हे प्रमाणपत्र न्यायालयीन कामासाठी नाही, हेही तिथेच लिहिलेले असते. ही टीप आम्हाला वाचून दाखवण्याची तसदी कोणी घेतली नाही. पत्ता बदलून घेण्याचे काम सांगितल्यावर त्यांनी ते केले, परंतु फी आकारून. पाच वर्षे वापर न झाल्यास तिऱ्हाईताला चिन्ह नोंदवहीतून काढण्याची मागणी करता येते, याबद्दलही त्यांच्याकडून अवाक्षर नव्हते. आम्ही आता दरवर्षीची काही बिले, पाकिटांचे फोटो आणि जाहिराती एका फाईलमध्ये ठेवतो.

नोंदणी अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षांची असते, प्रमाणपत्राच्या तारखेपासून नव्हे, हे लेबल छापणाऱ्यांपासून हिशेबनिसांपर्यंत अनेकांना ठाऊक नसते. नूतनीकरण मुदत संपण्याच्या आधीच्या वर्षभरात करता येते आणि त्याचे ऑनलाइन शुल्क प्रत्येक वर्गाला 9,000 रुपये आहे. लघुउद्योगाची सवलत इथे लागू नाही. मुदत उलटल्यावरही सहा महिन्यांपर्यंत 4,500 रुपयांचा अधिभार भरून काम होते. त्यानंतर वर्ष पूर्ण होईपर्यंत पुनःस्थापनेचा, म्हणजे चिन्ह पुन्हा नोंदवहीत आणण्याचा, मार्ग उरतो, तो अधिक महाग आहे. नोंदवहीतील पत्ते सर्वांना पाहता येत असल्याने, सरकारी वाटतील अशी पत्रे पाठवून भरमसाट रक्कम मागणारे खासगी लोकही असतात, तेव्हा पैसे रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावरूनच भरावेत.

नवे नाव नोंदवायचे झाल्यास मी पुन्हा याच कार्यालयात जाईन, कारण नावाचा शोध आणि आक्षेपाचे उत्तर या दोन कामांना अनुभव लागतो आणि तो त्यांच्याकडे आहे. मात्र सेवेच्या पत्त्यासोबत आमचा ईमेल घालण्याची अट आधी लेखी घेईन. टीएम-आर हा नूतनीकरणाचा अर्ज लहान आहे. तो आम्ही घरूनच भरणार आहोत.