ऊस उत्पादक आणि ऊसतोड मजूर : राजकीय वजनाची तुलना

सहकारी साखर कारखान्याचा ऊस उत्पादक सभासद आणि त्याच्याच फडात कोयता चालवणारा तोडणी मजूर यांच्या राजकीय वजनातील अंतर केवळ पैशाचे नाही. सभासदाला संचालक मंडळाच्या निवडणुकीत मत असते, शिवाय १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पुरवल्यापासून १४ दिवसांत त्याला पैसे मिळायला हवेत. ते थकले तर कोणाला जाब विचारायचा, हे त्याला ठाऊक असते.

मजुराला नेमके हेच ठाऊक नसते. बीडसारख्या जिल्ह्यांतून निघालेली जोडपी मुकादमाची, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) फेडत कित्येक महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात राहतात, आणि व्यवहार मुकादमामार्फत होत असल्याने कारखाना त्यांना आपले कामगार मानत नाही. २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचे मतदान झाले ते ऐन स्थलांतराच्या दिवसांत. मतदार यादीत नाव असूनही गावापासून दूर असलेल्या मजुरासाठी तो हक्क कागदावरच राहतो, हे मला फार अन्यायाचे वाटते.

तरीही हंगामाच्या तोंडावर कोयता बंद ठेवण्याचे सामर्थ्य मजुरांकडे आहे. तोडणीचे दर वाढले ते बहुधा अशा संपांच्या दबावामुळेच.