क्रूझवरून ड्युटी-फ्री दारू आणताना आमची झालेली फसवणूक

भाऊजी निवृत्त झाले, त्यानिमित्त आम्ही पाच जण सात रात्रींच्या क्रूझवर गेलो होतो. मी, माझी बायको, ताई, भाऊजी आणि ताईंचा १७ वर्षांचा मुलगा. जहाज छान होतं, माणसं चांगली होती, सहलीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. जहाजावरच्या दुकानातून आम्ही १२ बाटल्या घेतल्या आणि त्यात आम्हाला चार वेगवेगळ्या ठिकाणी फसवलं गेलं, ते सगळं इथे लिहून ठेवतोय. पुढच्या महिन्यात तुम्ही निघणार असाल तर शेवटपर्यंत वाचा.

चौथा दिवस पूर्ण समुद्रात होता. अशा दिवशी बंदर नसतं, उतरायला काही नसतं, आणि दुकानांचा खरा धंदा त्याच दिवशी होतो. दुपारी पाचव्या डेकवर 'टेस्टिंग' ठेवलं होतं. छोट्या पेल्यांतून पाच-सहा प्रकार चाखायला दिले. विक्रेता तरुण होता, अतिशय नम्र. भाऊजींना निवृत्तीबद्दल शुभेच्छा दिल्या, ताईंना बसायला खुर्ची आणून दिली. मग एक रम पुढे केली. लेबलावर मोठा २३ आकडा. "सर, ही २३ वर्षं लाकडी पिंपात मुरलेली आहे," तो म्हणाला. भाऊजींना ऑफिसातल्या जुन्या सहकाऱ्यांना भेट द्यायची होती. २३ वर्षं हे ऐकूनच त्यांचं मन ठरलं.

बाजूला एक पाटी उभी होती. वर 'शहरातला भाव' लिहून तो आकडा लाल रेघेनं खोडलेला, खाली जहाजावरचा भाव, आणि ठळक अक्षरांत '३० टक्के बचत'. पाच बाटल्या घेतल्या तर सहावी मोफत. मी त्या पाटीचा फोटो काढला, कारण मला तो भाव मित्राला पाठवायचा होता. हाच फोटो पुढे उपयोगी पडला.

मी स्वतः विचारलं होतं, हे मुद्दाम सांगतो. "घरी नेताना किती चालतात?" त्यानं उलट मला विचारलं, "किती जण आहात?" पाच, म्हटलं. "मग माणशी दोन लिटर, म्हणजे दहा लिटर. दोन पेट्या निश्चिंत घ्या. मोफतच्या दोन बाटल्या मोजत नाहीत, त्या गिफ्ट आहेत." आणि विमानाचं काय? "आम्ही सीलबंद पिशवीत देतो, ती विमानात हातात घेऊन जाता येते." बायको म्हणाली, "अहो, जरा थांबा, रात्री नेटवर बघू." पण जहाजावरचं इंटरनेट रखडत होतं आणि विक्रेता म्हणत होता की सवलत संध्याकाळी पाचपर्यंतच आहे. आम्ही कार्ड पुढे केलं. एक पेटी व्हिस्कीची, एक त्या रमची.

बाटल्या मात्र लगेच हातात मिळत नाहीत. क्रूझ कंपन्या अशी खरेदी स्वतःकडे ठेवून घेतात आणि शेवटच्या रात्री केबिनवर पोचवतात, म्हणजे प्रवासी आपलीच बाटली केबिनमध्ये बसून पिऊ नयेत आणि बारमधला धंदा बुडू नये. बंदरावरून विकत घेतलेली बाटलीही जहाजावर चढताना अशीच काढून घेतात. यात गैर काही नाही, पण परिणाम लक्षात घ्या. चौथ्या दिवशी पैसे दिले आणि सातव्या रात्री माल पाहिला. मधले तीन दिवस लेबल वाचायलासुद्धा हातात बाटली नव्हती.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात, त्या रातोरात खाली नेतात. आमच्या बॅगा गेल्या आणि त्यानंतर तासाभरानं बाटल्या आल्या. सकाळी दुकान बंद. जहाज बंदरात असताना करमुक्त दुकान बहुतेक ठिकाणी उघडताच येत नाही. म्हणजे विचारायला, बदलायला, परत करायला कोणीच नाही. ही वेळ विक्रेत्याला चांगली माहीत होती, असं मला आज ठामपणे वाटतं.

टर्मिनलवर बॅगा परत मिळाल्यावर व्हिस्कीच्या सहा बाटल्या कपड्यांत गुंडाळून आत घातल्या. वजन तिथेच संपलं. रमच्या सहा बाटल्या 'सीलबंद' पिशव्यांत हातात. विमानतळावर सिक्युरिटीच्या बाईंनी पिशवी उचलून बघितली आणि लगेच बाजूला ठेवली.

ही पिशवी म्हणजे दुकानाचं नाव छापलेली जाड प्लास्टिकची पिशवी होती, वर चिकटपट्टी. खरी पिशवी कशी असते ते त्या बाईंनी आम्हाला शेजारच्या टेबलावरची दाखवली. पारदर्शक, कडेनं लाल पट्टा, पावती आतच आणि बाहेरून वाचता येईल अशी, आणि उघडली तर लगेच कळेल अशी रचना. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती जास्त महत्त्वाची. ही सोय विमानतळावर किंवा विमानात घेतलेल्या मालासाठी आहे. जहाजावर घेतलेली बाटली कितीही चांगल्या पिशवीत घातली तरी सिक्युरिटीच्या दृष्टीनं ती घरून आणलेल्या बाटलीसारखीच. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनमध्ये द्रवरूप स्फोटकांनी विमानं उडवण्याचा कट उघडकीस आला. तेव्हापासून हातातल्या सामानात १०० मिलीपेक्षा मोठ्या डब्यातला द्रव नेण्यावर बंधन आहे. काही विमानतळांवर नवीन स्कॅनर आल्यानं आता सूट मिळते, पण तुमच्या वाटेतल्या प्रत्येक विमानतळावर ती असेल असं धरून चालू नका.

बाईंनी दोन पर्याय दिले. बाटल्या तिथेच टाका, किंवा मागे जाऊन चेक-इन करा. भाऊजींचा चेहरा मला बघवेना. मी आणि भाचा पळत काउंटरवर गेलो, पुठ्ठ्याचा खोका मिळवला, सहा बाटल्या टॉवेल-स्वेटरमध्ये बांधल्या आणि जादा बॅगेचे पैसे भरले. ते पैसे रमच्या तीन बाटल्यांच्या किमतीएवढे झाले. काउंटरवरच्या मुलीनं एक नियम सांगितला, तो इथे लिहून ठेवतो. २४ ते ७० टक्के अल्कोहोल असलेली दारू विमानात माणशी जास्तीत जास्त ५ लिटर नेता येते आणि ती कंपनीच्या मूळ बंद बाटलीतच हवी. ७० टक्क्यांच्या वर असेल तर हातात नाही, बॅगेतही नाही. त्याच टेस्टिंगमध्ये ७५ टक्क्यांच्या आसपासची एक रमही 'खास बेटांवरची' म्हणून विकत होते आणि ती घेणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या बाटल्यांचं काय झालं असेल ते आता कळतं.

घरी उतरलो. कस्टम्समध्ये जाहीर करण्यासारखं काही नसेल तर हिरव्या मार्गानं बाहेर पडायचं असतं, असेल तर लाल मार्गानं. विक्रेत्यानं जाता जाता सांगितलं होतं, "हिरव्या मार्गानं सरळ निघून जा, कोणी विचारत नाही." ताई तयार होत्या, थकल्या होत्या बिचाऱ्या. बायको म्हणाली, "मोजदाद नीट माहीत नसेल तर आपण लाल मार्गानंच जाऊ." तिचं ऐकलं हे फार बरं केलं. जाहीर न करता मर्यादेबाहेरचा माल हिरव्या मार्गानं नेणं म्हणजे कायद्याच्या नजरेत तस्करी. माल जप्त होतो आणि वर दंड. आणि तिथे उभा राहतो तो प्रवासी, विक्रेता नव्हे.

अधिकारी शांतपणे एकेक बाटली टेबलावर ठेवून मिलिलिटर लिहीत होते. व्हिस्की, एक लिटर, सहा. म्हणजे ६ लिटर. मग रमची बाटली फिरवून ते म्हणाले, "ही ७०० मिली." मी म्हटलं, नाही, लिटरची आहे. त्यांनी लेबल माझ्यासमोर धरलं. ७०० मिली. सहा बाटल्या, ४.२ लिटर. एकूण १०.२.

तिथेच उभ्या उभ्या मी मोबाइलमधला पाटीचा फोटो मोठा करून बघितला. खोडलेल्या 'शहरातल्या भावा'खाली बारीक अक्षरांत होतं, १ लिटर. खालच्या भावापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. लिटरच्या बाटलीपेक्षा ७०० मिलीची बाटली बरोबर ३० टक्क्यांनी लहान असते. तीस टक्के बचत जी म्हणत होते, ती बाटलीच तीस टक्के कमी होती. लिटरमागे हिशोब केला तर त्या भावात एक पैसाही वाचला नव्हता. ड्युटी-फ्री दुकानांत लिटरच्या बाटल्या सर्रास असतात, त्यामुळे डोळा तसाच धरून चालतो. भाव बघताना आधी मिलिलिटर बघा आणि प्रत्येक भाव लिटरमागे काढून मगच तुलना करा. मोबाइलवर अर्धा मिनिट लागतो.

पुढे मर्यादेचा हिशोब. माणशी दोन लिटर हा आकडा आमच्यापुरता खरा होता. पण भाचा १७ वर्षांचा. दारूची सवलत प्रौढ प्रवाशाला, मुलाच्या वाट्याची धरता येत नाही. चौघांचे ८ लिटर. मोफतच्या बाटल्यांबद्दल विचारलं तेव्हा अधिकारी म्हणाले, "आम्ही बाटलीतली दारू मोजतो, ती विकत घेतली की भेट मिळाली याचा संबंध नाही." २.२ लिटर जास्त, त्यावर कर. तीन बाटल्यांमागे जो कर भरला तो त्या बाटल्यांच्या किमतीहून जास्त होता. मोफत म्हणून घेतलेल्या दोन्ही बाटल्या या वाढीव तिनांतच होत्या.

'ड्युटी-फ्री' या शब्दाचा माझा स्वतःचाच गैरसमज होता, तो सांगायला हवा. १९४७ साली आयर्लंडमधल्या शॅनन विमानतळावर पहिलं ड्युटी-फ्री दुकान निघालं, तेव्हापासून त्यामागची कल्पना अशी आहे की जो माल देशाबाहेर चाललाय त्यावर तो देश कर घेत नाही. एवढंच. तुमच्या घरच्या देशाचा कर माफ झाला असा त्याचा अर्थ होत नाही. ती माफी तुमच्या देशाच्या मर्यादेपुरती, आणि ती मर्यादा दर देशाची वेगळी. अमेरिकेत परतणाऱ्या रहिवाशाला साधारणपणे १ लिटर, तेही वय २१ पूर्ण असेल तर. युरोपीय संघात बाहेरून येताना २२ टक्क्यांहून कडक दारू १ लिटर, वय किमान १७. कॅनडात कडक दारू १.१४ लिटर. ऑस्ट्रेलियात १८ वर्षांवरील माणसाला सगळी मिळून २.२५ लिटर. ब्रिटनमध्ये २०२१ पासून कडक दारू ४ लिटर. भारतात २ लिटर. एकाच जहाजावर या सगळ्या देशांची माणसं असतात आणि त्यांना एकच विक्रेता 'माणशी दोन' सांगत असतो. शिवाय जहाजातून ज्या देशात उतरता तिथलेही नियम तुम्हाला लागू होतात, हे तर आमच्या डोक्यातही नव्हतं. आमच्या बॅगा तिथे कोणी उघडल्या नाहीत, ते नशीब.

आणखी एक. युरोपीय संघातल्या दोन देशांमधल्या प्रवासात ड्युटी-फ्री विक्री १ जुलै १९९९ पासूनच बंद आहे. तुमचं जहाज फक्त तिथल्याच बंदरांना लागणार असेल आणि दुकानात तरी 'करमुक्त' शब्द ऐकू आला, तर पावतीवर कर लावलाय का ते बघून घ्या.

आता ते २३. घरी आल्यावर भाच्यानं लेबल वाचलं. आकड्याखाली 'सोलेरा' असा शब्द होता. या पद्धतीत पिंपांची उतरंड असते. सर्वांत जुन्या पिंपातून थोडी रम काढतात, ती जागा त्याहून नव्या पिंपातल्या रमनं भरतात, ती त्याहून नव्यानं. शेवटी बाटलीत जुनी-नवी सगळी मिसळलेली असते. त्यातला आकडा म्हणजे सगळी रम तेवढी वर्षं मुरली असं नाही. स्कॉच व्हिस्कीच्या बाटलीवर वर्षं लिहिली असतील तर कायद्यानं ती आतल्या सर्वांत नव्या व्हिस्कीची वर्षं असावी लागतात. रमला असा एक नियम सगळीकडे नाही. रम वाईट नव्हती, चवीला चांगलीच आहे. पण '२३ वर्षं मुरलेली' हे तोंडी सांगितलं गेलं होतं, लेबलावर वर्षं हा शब्दच नव्हता. आकड्यापुढे 'वर्षे' छापलं नसेल तर विक्रेत्याला बोट ठेवून दाखवायला सांगा.

मी तक्रार केली. पाटीचा फोटो, पावती, जादा बॅगेची पावती, कस्टम्सची पावती, सगळं जोडून. क्रूझ कंपनीनं कळवलं की दुकान दुसऱ्या कंपनीला चालवायला दिलेलं आहे. त्या कंपनीनं दोन आठवड्यांनी उत्तर दिलं: पावतीच्या मागे छापलंय की विक्री अंतिम आहे आणि आपल्या देशाचे नियम माहीत करून घेणं ही प्रवाशाची जबाबदारी आहे. पावतीची मागची बाजू आम्ही कोणीच वाचली नव्हती, हे खरं. पण मी विक्रेत्याला स्पष्ट विचारलं होतं आणि त्यानं स्पष्ट चुकीचं सांगितलं होतं, ते सगळं तोंडी. माझ्याकडे पुरावा फक्त पाटीचा आहे. म्हणून त्या पाटीवरच, लिटर आणि ७०० मिलीच्या फरकावर, दुसरी तक्रार केली आणि कार्ड दिलेल्या बँकेलाही कळवलं. अजून उत्तर आलेलं नाही.

भाऊजींनी सहकाऱ्यांना त्या बाटल्या दिल्या. देताना २३ वर्षांचा उल्लेख केला नाही. मला मात्र म्हणाले, "तू लिही रे हे कुठेतरी. त्या टेबलापाशी आपल्यामागे रांग होती, आठवतं ना?"