पावसाळा काढलेलं झाडावरचं घर: लगदा आणि प्लास्टरचा अनुभव

कागदाचा लगदा आणि प्लास्टर ऑफ पॅरिस गोव्याच्या हवेत टिकतं का? मला झाडावरच्या घराची छोटी शोभेची प्रतिकृती करायची होती, म्हणून सामान घेण्याआधी मी हे बऱ्याच जणांना विचारलं, पण सरळ उत्तर कुणी दिलं नाही. आमच्याकडे दिवाळीला वाड्यावाड्यावर नरकासुराचे मुखवटे कागदाचेच होतात, त्यामुळे हात बसलेले कारागीर भरपूर. पण नरकासुराला एक रात्र काढायची असते, पहाटे तो जळणारच. माझ्या झाडाला फोंड्याचा अख्खा पावसाळा काढायचा होता. तो आता उलटलाय, म्हणून हे लिहितेय.

दीड फुटाचं वडाचं झाड, बेचक्यात लाल कौलांचं घर, पुढे बसायला बाल्कांव, म्हणजे गोव्यातल्या घरांपुढची बैठक. सांगाडा तारेचा. बांधकामावर सळ्या बांधायला वापरतात ती काळी तार स्वस्त असते, पण ओल्या प्लास्टरखाली ती गंजते आणि डाग पांढऱ्या पृष्ठभागावर उमटतात. मी ॲल्युमिनियमची तार घेतली. महाग पडली, पण बुंधा अजून स्वच्छ आहे.

बुंध्यासाठी औषधांच्या दुकानात मिळणारं प्लास्टर बँडेज घेतलं. या सगळ्या सामानात मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. पट्टी पाण्यात बुडवायची, हलकी पिळायची, तारेवर गुंडाळायची. आत जाळीचं कापड असल्यामुळे फांदी वाकवली तरी तुकडे पडत नाहीत. नुसतं प्लास्टर बारीक फांदीवर लावलं की धक्क्याला टिकत नाही. बँडेजवर मग लगद्याचा पातळ थर देऊन साल उठवली. पारंब्यांना नारळाचा काथ्या, आपल्याकडे त्याला काय तोटा!

लगद्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण पावसात खरी परीक्षा त्याचीच. वर्तमानपत्र रात्रभर भिजवून मिक्सरला फिरवायचं (भांडं यासाठी वेगळंच ठेवा), घट्ट पिळायचं आणि त्यात फेविकॉल आणि खडूची भुकटी मळायची. जुन्या पद्धतीत मैद्याची खळ घालतात, टोपल्यांसाठी मेथीची पूडही. मी तिन्हींच्या पट्ट्या करून खिडकीजवळ ठेवल्या होत्या. नुसत्या खळीच्या पट्टीवर पावसाळा ऐन भरात आला तशी हिरवी बुरशी आली. मेथीची पट्टी घट्ट झाली, पण वास धरला. फेविकॉलची कोरी राहिली. खळच वापरायची असेल तर बुकबाइंडर घालतात तसं चिमूटभर मोरचूद घाला. ते विषारी असतं, मुलांपासून लांब ठेवा. थर मात्र पातळच द्यायचा. जाड थर वरून सुकल्यासारखा दिसतो, आत ओल अडकून राहते. म्हणून हे काम मार्च-एप्रिलात करावं, मेनंतर सुकवण्याच्या भानगडीत पडू नये.

तळाचा दगडमातीचा चौथरा प्लास्टर ऑफ पॅरिसचा. दोन वाट्या पावडरीला साधारण एक वाटी पाणी, आणि पावडर पाण्यात भुरभुरायची, उलट नाही. घट्ट होताना ते गरम होतं, म्हणून त्यात हात घालून बसू नका. किलोमागचा भाव कमी पडतो म्हणून मोठी पिशवी घ्यायचा मोह होतो. तो टाळा: उघडी पिशवी हवेतली ओल ओढते आणि पावडर निकामी होते. गणपतीच्या मूर्तींसाठी गोव्यात या प्लास्टरवर बंदी आहे, हे माहीत असू द्या. शोभेच्या वस्तूचा प्रश्न वेगळा, ती विसर्जित करायची नसते.

सगळ्यात निर्णायक ठरलं ते वरचं आवरण. चपडा लाखेचं पॉलिश सुंदर दिसतं, पण दमट हवेत त्यावर पांढुरकी झाक येते. ॲक्रिलिक वॉर्निशचे दोन हात दिले, तळालाही दिले. तळ बरेच जण सोडतात, आणि ओल तिथूनच चढते. प्लास्टर पूर्ण सुकण्याआधी मात्र वॉर्निश लावू नका, आतलं पाणी बाहेर पडत नाही. आमच्याकडे कौलांच्या एका कडेला रंगाचा पापुद्रा सुटलाय, बाकी झाड धडधाकट आहे.

एका ऑनलाइन दुकानातून तयार लगद्याची पावडरही मागवली होती. बारीक आणि गुळगुळीत, खिडक्यांच्या चौकटींना छान. पण बुंध्यासाठी ती घेणं म्हणजे पैशांची उधळपट्टी. चौकटींत मी पातळ शिंपल्यांचे तुकडे बसवले, गोव्यातल्या जुन्या घरांना काचेऐवजी असायचे तसे. प्रकाश छान गाळतात.

बादलीत उरलेलं प्लास्टर मोरीत ओतू नका. ते पाण्याखालीही घट्ट होतं आणि मग प्लंबर बोलवावा लागतो. तसंच राहू द्या, सुकलं की बादली उलटी करून ठोका, गठ्ठा निघून येतो.