ओला कचरा: भट्टीत की बायोगॅसमध्ये?

घोडबंदर रोडवरची सोसायटी असो की नेरूळमधली, स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात ७० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. तो कचरा जाळायच्या भट्टीत टाकला की बरीचशी उष्णता ते पाणी उडवण्यातच जाते. पावसाळ्यात तर विचारूच नका. भट्टीला मळकी पाकिटं, फाटक्या चिंध्या, रबर असं सुकं द्यावं. पीव्हीसी (पाइप, वायरीचं आवरण यांचं प्लास्टिक) मात्र आधीच वेचून काढा, त्यातल्या क्लोरीनमुळे डायऑक्सिन हे विषारी रसायन तयार होतं. शिवाय राखेची विल्हेवाट उरतेच.

ओल्यासाठी बायोगॅसच बरा. १०० किलोमागे साधारण ८ ते १० घनमीटर गॅस, म्हणजे ४ किलोच्या आसपास एलपीजीची बचत. सुरुवातीला टाकीत शेण आणि पाणी समप्रमाणात भरून दोन-तीन आठवडे मुरू द्यायचं, मग खरकटं थोडं थोडं वाढवायचं. इथेच घाई नडते. गणपतीत एका दिवसात दुप्पट माल ओतला की आम्ल बनवणारे जिवाणू पुढे पळतात, मिथेन, म्हणजे गॅसमधला जळणारा भाग, बनवणारे मागे राहतात. आंबट वास येतो, पीएच (आंबटपणाचं माप, कमी म्हणजे जास्त आंबट) ६.५ खाली उतरतो, गॅस येतो पण शेगडी पेटत नाही, कारण त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त. अशा वेळी भरणा थांबवा, चुन्याची निवळी थोडीथोडी घाला.

करवंट्या, कोयी, हाडं कचरा बारीक करणारा क्रशर अडवतात. लिंबाच्या सालींचा ढीगही नको. गॅसमधल्या हायड्रोजन सल्फाइडने शेगडी गंजू नये म्हणून तो शोषून घ्यायला गॅसच्या वाटेवर लोखंडी किसाची नळी हवी. किस काळा पडला की बदला.