चप्पल आणली का? जळगावातील एका टेलरिंग दुकानात ड्रेसची उंची बसवून घेताना

जळगावच्या महात्मा फुले मार्केटच्या परिसरात बायकांचे कपडे शिवून देणारी दुकाने भरपूर आहेत आणि लग्नसराईत त्यांपैकी प्रत्येकासमोर पिशव्यांचा ढीग असतो. ज्या दुकानाविषयी मी लिहीत आहे ते त्यांतलेच एक, जेमतेम दोन मशीन मावतील एवढे. ते चालवणाऱ्या ताई नवे कपडे शिवतातच, पण माझ्या मते त्यांचे खरे कौशल्य तयार ड्रेसची उंची बसवण्यात आहे. काउंटरवर ड्रेस ठेवल्यावर त्या टेप हातात घेण्याआधी एवढेच विचारतात, "चप्पल आणली का?" समारंभात जी चप्पल किंवा सँडल घालायची आहे ती सोबत नसेल, तर त्या खडूची एक रेघही ओढत नाहीत. पहिल्या खेपेला त्यांनी मला तसेच परत पाठवले, तेव्हा उन्हात पुन्हा फेरी पडणार म्हणून मला राग आला होता. आता तो प्रश्न मला अगदी योग्य वाटतो, कारण दोन इंचांच्या टाचेने ड्रेस जमिनीपासून जवळजवळ दोन इंच वर जातो आणि पायघोळ ड्रेस असेल तर तो जमिनीपासून जेवढ्यावर संपायला हवा ते अंतरच चुकते.

ड्रेस पायाच्या कोणत्या जागी संपावा, हाच सगळ्या विषयाचा गाभा आहे. ड्रेसची किनार पायाला जिथे आडवी छेदते तिथे पाहणाऱ्याची नजर थांबते. ती रेघ पोटरीच्या सर्वांत जाड भागावर आली, तर पाय आहे त्याहून जाड आणि बाई आहे त्याहून ठेंगणी दिसते. तीच रेघ गुडघ्याच्या वाटीच्या लगेच खाली, किंवा पोटरी उतरून पाय घोट्याकडे बारीक होऊ लागतो तिथे आली, तर तोच पाय सुबक दिसतो. ऑनलाइन खरेदीत मात्र आपण खांद्यापासून किनारीपर्यंतची उंची इंचांत वाचतो आणि ती सगळ्यांना सारखीच बसेल असे गृहीत धरतो.

माझ्या भाचीच्या बाबतीत हेच घडले. पुण्यात ती ज्या कंपनीत काम करते, तिथल्या वार्षिक समारंभात तिला व्यासपीठावर बसायचे होते. त्यासाठी तिने गडद निळ्या क्रेपचा, सरळ कटाचा, ४४ इंच उंचीचा ड्रेस मागवला आणि सुटीत जळगावला येताना सोबत आणला. माझी उंची ५ फूट १ इंच आहे. मी तो सहज अंगाला लावून पाहिला, तेव्हा त्याची किनार घोट्याच्या बऱ्याच वर, पण पोटरी संपल्यावर आली आणि तो मला शोभलाही. भाची ५ फूट ६ इंच उंच आहे. तिच्या अंगावर तोच ड्रेस ऐन पोटरीवर संपत होता. तिला वाटत होते की रंग चुकला, मला वाटत होते की कापड जड आहे. दुकानातल्या ताईंनी मात्र आरशासमोर नुसती किनार आत दुमडून टाचण्या लावल्या आणि आम्हा दोघींना सहा पावले मागे जाऊन पाहायला सांगितले. रंगही चांगला होता आणि कापडही.

टाचण्या लावून त्यांनी तीन उंची दाखवल्या आणि तिसऱ्या खेपेला, साडेचार इंच वर घेतल्यावर, ड्रेस उत्तम दिसला. आम्ही हो म्हणणार तेवढ्यात त्यांनी भाचीला लाकडी खुर्चीवर बसायला सांगितले. बसल्याबरोबर ड्रेस वर सरकला आणि गुडघे पूर्ण उघडे पडले. व्यासपीठावर बसणाऱ्या व्यक्तीचे गुडघे समोरच्या प्रेक्षकांच्या नजरेच्या पातळीवर येतात, त्यामुळे तासभर ड्रेस खाली ओढत बसण्याची वेळ येते, हे त्यांनी शांतपणे समजावले. अखेर चार इंचांवर एकमत झाले. उभे राहिल्यावर अर्ध्या इंचाचा फरक कोणाच्या लक्षात आला नसता, बसल्यावर मात्र तो पुरेसा ठरला.

एवढ्यावर थांबणारे टेलर मी पाहिले आहेत. खालून चार इंच कापायचे, इंटरलॉक मारायचे आणि पिशवीत भरून द्यायचे. सरळ कटाच्या ड्रेसला मागच्या बाजूने चालण्यासाठी चीर ठेवलेली असते. उंची चार इंच कमी केली की ती चीरही चार इंचांनी आखूड होते आणि जिना चढताना पाऊल अडकते. ताईंनी ही गोष्ट आम्ही न विचारता सांगितली, मागची शिवण वरपर्यंत उसवून चीर वाढवली आणि कापलेल्या तुकड्यातूनच तिच्या आतली पट्टी तयार केली. अस्तरही त्यांनी वरच्या कापडापेक्षा एक इंच आखूड ठेवले, म्हणजे चालताना ते खालून डोकावत नाही. किनारीला दीड इंचाची दुमड देऊन हाताने तुरपाई केली. सरळ घेराला एवढी दुमड हवीच, कारण तिच्या वजनाने किनार स्थिर पडते. उजेडात धरून पाहिले तरी बाहेरून टाका दिसत नाही.

त्यांच्याकडची एक वस्तू मला विशेष आवडली. लाकडी ठोकळ्यावर उभी ठोकलेली एक पट्टी आहे, तिच्यावर इंचांच्या खुणा आहेत. तुम्ही ताठ उभे राहायचे, नजर समोर ठेवायची आणि जागचे हलायचे नाही. त्या स्वतः जमिनीवर बसून ती पट्टी तुमच्याभोवती सरकवत नेतात आणि दर तीन-चार इंचांवर खडूची खूण करतात. मी कुतूहलाने मान खाली घालून पाहू लागले, तेव्हा त्यांनी लगेच थांबवले. वाकले की पुढची किनार खाली येते, मागची वर उचलली जाते आणि सगळ्या खुणा खोट्या पडतात. कमरेपासून सर्व बाजूंनी सारखे माप घेऊन कापलेला ड्रेस पुष्कळदा मागून आखूड दिसतो, कारण मागच्या उभारावरून येताना कापड जास्त लागते. शिवाय फार थोड्यांची कंबर दोन्ही बाजूंना अगदी एका पातळीत असते. माझी डावी बाजू पाऊण इंच वर उचलली जाते हे मला वयाच्या पन्नाशीपर्यंत कोणी सांगितले नव्हते. जमीन मात्र सपाट असते, म्हणून माप तिथून घ्यायचे.

माझा स्वतःचा ड्रेस जॉर्जेटचा, मरून रंगाचा, अंब्रेला घेराचा आणि पायघोळ होता. तो धुळ्याला नात्यातल्या एका स्वागत समारंभात घालायचा होता. अशा घेरात कापडाचा काही भाग उरेब, म्हणजे तिरपा, येतो आणि उरेब कापड स्वतःच्या वजनाने खाली ओढले जाते. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दुकानात असाच घेर मी एका दिवसात शिवून घेतला होता. महिनाभर तो कपाटात टांगलेला राहिला आणि दोन बाजूंनी लोंबू लागला. लग्नात स्टेजच्या पायरीवर माझा पाय त्याच्यावर पडला आणि वधूवरांसमोर मी गुडघ्यावर आले. त्या दिवसाचे आठवले की आजही वाईट वाटते, कारण चूक माझ्या चालण्यात नव्हती. या ताईंनी ड्रेस दोन दिवस हँगरवर टांगून ठेवला, कापड जेवढे उतरायचे तेवढे उतरू दिले आणि मगच पट्टी लावली. बाजूंना जवळजवळ एक इंच फरक पडला होता. किनार त्यांनी टाच घातल्यावर जमिनीपासून पाऊण इंच वर ठेवली, पुढच्या बाजूला त्याहून किंचित जास्त, म्हणजे पायरी चढताना अंगठा अडकत नाही. गोल घेराला रुंद दुमड दिली तर तिला सुरकुत्या पडतात, म्हणून येथे त्यांनी अगदी बारीक गुंडाळी केली.

किनारीवर भरतकाम किंवा छापील काठ असेल तर त्या खालून कापत नाहीत. कमरेची शिवण उसवून घागऱ्याचा भाग वर घेतात. हे काम वेळखाऊ आहे आणि त्याचे पैसेही जास्त पडतात, पण काठ शाबूत राहतो. मणी किंवा टिकल्यांचे जड काम असलेले गाऊन मात्र त्या घेत नाहीत आणि तसे स्पष्ट सांगतात.

आता खटकलेल्या गोष्टी. ट्रायलची जागा पडद्याआड आणि फार अरुंद आहे. आतला आरसा गुडघ्यापर्यंतच दाखवतो, त्यामुळे ज्यासाठी आलो ती किनार पाहायला बाहेर मोठ्या आरशासमोर यावे लागते आणि तिथे रस्त्यावरून जाणारे पाहतात. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, त्या दिवसांत अस्तर लावलेला ड्रेस घालून तिथे वीस मिनिटे उभे राहणे जड जाते. सकाळी लवकर गेलेले बरे. दिलेली तारीख लग्नसराईत हमखास पुढे जाते. माझा ड्रेस चार दिवस उशिरा मिळाला, म्हणून समारंभाच्या आदल्या आठवड्यात तिथे जाऊ नये.

आणखी एक तक्रार मी त्यांना समोरच सांगितली. माझ्या दुसऱ्या, साध्या सुती ड्रेससाठी त्यांनी आधी घोट्यापर्यंतचीच उंची सुचवली आणि कारण दिले, "तुमच्या वयाला हेच बरं दिसतं." पायाचा बारीक भाग कुठे आहे हे वयावर ठरत नाही आणि भाचीसाठी लावलेला नियम माझ्यासाठी बदलायला नको होता. मी तसे म्हटल्यावर त्यांनी वाद घातला नाही. त्या ड्रेसला गुडघ्याखाली टाचण्या लावून दाखवल्या, दोन पावले मागे जाऊन पाहिले आणि म्हणाल्या, "हे पण छान दिसतंय, ताई." तो ड्रेस मी त्याच उंचीचा करून घेतला.

साध्या ड्रेसची उंची बसवण्याचे माझ्याकडून २०० रुपये घेतले, भाचीच्या ड्रेसचे चिरेच्या कामासह ४५० आणि माझ्या गोल घेराचे ६००. तयार ड्रेससाठी हे थोडे जास्त वाटेल, पण मला ते वाजवी वाटले. कापलेले तुकडे त्यांनी पिशवीत घालून परत दिले आणि आमची मापे वहीत टाचेच्या उंचीसह लिहून ठेवली. भाचीने दिवाळीसाठी घेतलेला ड्रेस पुण्याहून माझ्याकडे पाठवला आहे, सोबत तिच्या सँडलचा जोडही.