धंतोलीतलं क्लिनिक आणि ५१ व्या वर्षी झालेलं दादाचं ऑटिझमचं निदान

रेटिंग ५ पैकी ४. मोठ्या माणसाचं ऑटिझमचं (म्हणजे मेंदूची लहानपणापासूनचीच वेगळी घडण, माणसांत मिसळणं, गोंगाट सोसणं जड जातं) असेसमेंट नागपुरात कुठे होतं हे शोधताना मला लहान मुलांच्या सेंटरचेच रिव्ह्यू सापडत होते, म्हणून सविस्तर लिहून राहिली आहे.

पेशंट माझा मोठा भाऊ, वय ५१, लग्न नाही, आईसोबत राहतो. इतवारीत एका हार्डवेअरच्या दुकानात गोदामाचा स्टॉक बघायचा, वर्षानुवर्षं एक नट-बोल्ट इकडचा तिकडे झाला नाही, मग दुकान मोठं केलं आणि मालकाने त्याला काउंटरवर बसवलं, तिथे गिऱ्हाईकांची गर्दी, स्पीकरवर गाणी, मागे हमाल ओरडून राहिले, काही महिन्यांतच नोकरी सुटली आणि दादा खोलीतून बाहेर येईनासा झाला. त्याआधी तिशीत त्याला एकीकडे डिप्रेशन सांगितलं होतं, दुसरीकडे स्किझोफ्रेनिया, गोळ्यांनी तो दुपारपर्यंत झोपून राहायचा. या सगळ्यात एकाही ठिकाणी आईला कोणी विचारलं नाही की हा लहानपणी कसा होता.

या क्लिनिकमध्ये पहिला प्रश्न तोच विचारला आणि माझ्या मते सगळा फरक तिथेच पडला. ऑटिझम रक्ताच्या तपासणीत दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसत नाही. असेसमेंट करणाऱ्या मॅडमनी समजावून सांगितलं की लक्षणं मोठेपणी, जबाबदाऱ्या वाढल्यावर उघडी पडली तरी चालतं, पण त्यांची सुरुवात लहानपणीच झालेली असावी लागते, आणि ते सांगणारं कोणीतरी हवं. म्हणजे ५१ वर्षांच्या माणसाचं निदान ७७ वर्षांच्या आईच्या आठवणींवर उभं राहतं. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, घरात असा कोणी असेल आणि आई-वडील, आत्या, मावशी कोणी हयात असेल, तर पुढच्या वर्षी बघू म्हणू नका.

आईसाठी मॅडमनी वेगळी वेळ ठेवली होती, घाई अजिबात नाही. आई आधी म्हणत होती मला काय आठवणार एवढ्या जुन्या गोष्टी, पण मॅडमनी "बोलायला कधी लागला" असं नुसतं न विचारता सणावाराचं विचारलं, पाहुणे आले की काय करायचा, कपडे कोणते घालायचा नाही, आणि आई बोलायला लागली ती थांबेचना. तान्हा पोळ्याला गल्लीतली सगळी पोरं आपापले लाकडी नंदी सजवून घरोघरी बोजारा (खाऊ, पैसे) मागत फिरायची आणि दादा ओसरीत नंदी आडवा करून त्याचं एकच चाक कानाजवळ धरून फिरवत बसायचा, कोणी हात लावला की रडून आकांत. आम्ही तेव्हा इतवारीतच राहायचो, त्याच दिवशी मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघायची, ढोल-ताशे गल्लीच्या तोंडाशी आले की हा गाद्यांच्या ढिगाखाली शिरायचा आणि संध्याकाळपर्यंत निघायचा नाही. हे सगळं आई आम्हाला हसत हसत सांगायची, घरातला नेहमीचा किस्सा म्हणून, मॅडमनी मात्र शब्द न् शब्द लिहून घेतला. तिसरीचं प्रगतीपुस्तकही आईने जपून ठेवलेलं, त्यात बाईंचा शेरा, "हुशार आहे, वर्गात कोणाशी बोलत नाही." त्याची त्यांनी झेरॉक्स काढून घेतली.

आता दादाबद्दल. तो खोलीत शिरला आणि दारातच थांबला. मे महिना, कुलर फुल स्पीडवर. मॅडमनी काही न विचारता कुलर बंद केला, लुकलुकणारी ट्यूबलाइटही बंद केली, खिडकी उघडली, आणि दादाला विचारलं, "तुम्हाला बोलायला आवडेल की लिहून द्यायला?" मला नाही, आईला नाही, दादाला विचारलं, आणि अहो-जाहो करून. आजवर जिथे जिथे गेलो तिथे डॉक्टर आमच्याकडे बघून "हा जेवतो का, हा झोपतो का" विचारायचे. दादाने कागद मागितला. त्यात त्याने लिहिलेलं एक वाक्य त्याच्या परवानगीने देते आहे: "पाहुणे आले की मी गच्चीवर जातो, राग म्हणून नाही, सगळे एकदम बोलतात तेव्हा मला कोणाचंच ऐकू येत नाही." एवढी वर्षं नातेवाईक त्याला माणूसघाणा म्हणत आले आहेत. आई ते वाचून तिथेच रडली.

टेस्टचं थोडक्यात. इसा (इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम) नावाची आपल्याकडचीच स्केल वापरतात, ४० प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ मार्क, ७० च्या खाली ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. दादा सौम्यमध्ये आला. मला ही स्केल मोठ्यांसाठी अपुरी वाटते, त्यात एकट्याने खेळणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, नजरेला नजर देणं असं बरंच आहे, आणि पन्नाशीच्या माणसाने बोलणी खाऊन खाऊन नजर द्यायला शिकूनच घेतलेलं असतं, त्याने मार्क कमी पडतात पण त्रास कमी झालेला नसतो. मॅडमनी हे मान्य केलं आणि नुसत्या मार्कांवर न थांबता सगळा इतिहास रिपोर्टात घातला. रोजचे व्यवहार स्वतःचे स्वतः किती जमतात हे बघायला व्हाइनलँडची स्केल लावली, तिचं भारतीय रूप डॉ. मलिन यांनी आपल्या नागपुरातच तयार केलं आणि ते नागपूर अडॅप्टेशन म्हणूनच ओळखलं जातं हे मला तिथेच कळलं, खरंच बरं वाटलं. जुनं स्किझोफ्रेनियाचं निदान का बसत नाही तेही कारणं देऊन लिहिलं. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका म्हणून बजावलं, सायकिअॅट्रिस्टकडे पाठवलं आणि त्यांनी हळूहळू कमी केल्या.

आता सर्टिफिकेटचं. प्रायव्हेट रिपोर्ट म्हणजे दिव्यांग सर्टिफिकेट नाही, हे इथे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. त्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) फॉर्म भरायचा, फी लागत नाही, मग सरकारी दवाखान्यात बोर्डासमोर जायचं. आम्ही गेलो तिथे खिडकीवरचा माणूस म्हणाला की ऑटिझम लहान लेकरांना असते, एवढ्या मोठ्या माणसाला काहून आणलं. दादा बाजूला उभा राहून ऐकून राहिला होता. हे कायद्याने चूक आहे, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे आणि वयाची अट कुठेही नाही. १९९५ च्या कायद्यात सातच प्रकार होते आणि ऑटिझम त्यात नव्हताच, म्हणजे दादा विशीत होता तेव्हा कोणी ओळखलं असतं तरी त्या कायद्यात त्याला जागा नव्हती. क्लिनिकने आधीच एक पानाचं पत्र दिलं होतं, कायद्याचा उल्लेख करून, ते दाखवलं आणि मग फाइल पुढे सरकली. आत बोर्डावरचे डॉक्टर मात्र नीट वागले. अपंगत्व ४० टक्क्यांच्या वर आलं, पिवळं कार्ड मिळालं, ४० ते ७९ टक्क्यांना पिवळं असतं आणि ८० पासून पुढे निळं.

कार्डाचा उपयोग काय, हे सगळेच विचारतात. बाबा सरकारी नोकरीत होते, आता आईला फॅमिली पेन्शन आहे, आणि जे अपत्य अपंगत्वामुळे कमावू शकत नाही त्याला पुढे ती आयुष्यभर मिळू शकते, पण कागद लागतो, आणि तो आई असतानाच केलेला बरा. निरामय नावाचा आरोग्य विमा आहे केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा, १ लाखापर्यंत, त्यात ओपीडी आणि थेरपीसुद्धा बसते. कमावत्या माणसाने जुन्या पद्धतीने इन्कम टॅक्स भरला तर अपंगत्वासाठी ७५ हजारांची वजावट आहे, ऑटिझमसाठी फॉर्म वेगळा लागतो. सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे, त्यात एका टक्क्याच्या गटात ऑटिझम येतो, दादाचं वय निघून गेलं पण पंचविशीतल्या पोरापोरींनी याचा विचार जरूर करावा.

दादा स्वतः काय म्हणतो ते जास्त महत्त्वाचं आहे. निदानाचा कागद त्याने दोनदा वाचला आणि म्हणाला, "म्हणजे मी आळशी नव्हतो." आता जेवणाच्या वेळी टीव्ही बंद असतो, पाहुणे येणार असतील तर आम्ही त्याला आदल्या दिवशी सांगतो, आणि गच्चीवर गेला तर त्याला हाक मारत नाही. एका ओळखीच्या होलसेलवाल्याकडे स्टॉकच्या रजिस्टरचं काम तो सकाळी दुकान उघडायच्या आधी करतो.

आता स्टार कशाचा कापला ते. रिपोर्ट पूर्ण इंग्रजीत, मराठी मागितल्यावर दोन पानांचा सारांश दिला, तो आपणहून द्यायला पाहिजे, कारण वाचणारी आई आहे. संध्याकाळी मुलांची थेरपी असते, वेटिंगमध्ये रडारड आणि गोंगाट, दादासारख्यांना तिथे बसवत नाही, म्हणून सकाळची पहिली अपॉइंटमेंट मागा, देतात. रिपोर्टलाही बराच वेळ लागला. आणि सगळ्यात मोठी उणीव म्हणजे निदानानंतर मोठ्यांसाठी काहीच नाही, स्पीच थेरपी मुलांसाठी, ऑक्युपेशनल थेरपी मुलांसाठी, पालकांचा ग्रुप तोही मुलांच्या पालकांचा. मॅडमना बोलले तर म्हणाल्या मोठी माणसं नोंदवली गेली तर शनिवारी सकाळी गट सुरू करू, दादाने रिसेप्शनवर नाव लिहून दिलं आहे, तुम्ही जाल तेव्हा तुमचंही द्या.

खर्च सगळा मिळून नऊ हजारांच्या आसपास, दोन हप्त्यांत घेतला. काँग्रेस नगर मेट्रो स्टेशन जवळ आहे, लिफ्ट चालू होती, गाडी लावायला जागा नाही.