आयएफसीवरून मॉडेलची देवघेव : आठ महिन्यांनंतर

पुण्यातल्या एका सात मजली निवासी इमारतीवर आम्ही आठ महिने काम करतोय. आमचं इमारतीचं त्रिमितीय मॉडेल एका सॉफ्टवेअरमध्ये, स्ट्रक्चरल कन्सल्टंटचं दुसऱ्यात आणि प्लंबिंगवाल्यांचं तिसऱ्यात. रेव्हिट, आर्किकॅड, टेकला, व्हेक्टरवर्क्स हे सगळेच आयएफसी (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल नेण्या-आणण्यासाठीचा खुला फाइल-प्रकार) लिहितात आणि वाचतात, म्हणून देवघेव आयएफसीवरून करायची असं ठरलं. कोण कोणतं सॉफ्टवेअर वापरतं ते इथे सांगत नाही. अडचणी आल्या त्या मधल्या देवघेवीत, आणि त्यातल्या बऱ्याचशा आमच्या अपेक्षांमुळे आल्या.

पहिल्याच खेपेला धक्का बसला. आमची बाहेरची भिंत म्हणजे २३० मिमी वीट, बाहेरून २० मिमी गिलावा आणि आतून १२ मिमी. कन्सल्टंटकडे ती २६२ मिमीचा एकसंध ठोकळा होऊन उघडली. वळणाचा जिना तर ‘प्रॉक्सी’ म्हणून आला, म्हणजे आकार आहे, पण तो जिना आहे हे सॉफ्टवेअरला माहीतच नाही. कन्सल्टंटच्या ऑफिसातून फोन आला, “मॅडम, भिंत दिसतेय, पण हलत नाही.”

पुढचे दोन आठवडे मी एक्स्पोर्टच्या सेटिंग्ज उलटसुलट करत बसले. गिलाव्याचे थर वेगळे पाठवणं जमलं, भिंत हलवणं मात्र जमलं नाही. त्याचं कारण नंतर उमगलं. आपल्या सॉफ्टवेअरमधली भिंत हा नुसता आकार नसतो, तो एक नियम असतो : तळ या मजल्याला, डोकं त्या स्लॅबच्या खाली, कोपऱ्यात शेजारच्या भिंतीशी सांधा. हे नियम प्रत्येक कंपनीचे वेगळे. आयएफसीतून आकार, नाव, मजला, मटेरियल आणि गुणधर्म जातात. नियम फारसे जात नाहीत. आयएफसीच्या २००६च्या २x३ आवृत्तीतून बहुतेक जण ज्या पद्धतीने एक्स्पोर्ट करतात तिचं नावच ‘कोऑर्डिनेशन व्ह्यू’ आहे, आणि ती समन्वयासाठीच आहे. २०१३ साली आयएसओ १६७३९ म्हणून आलेल्या आयएफसी ४मध्ये तर ‘रेफरन्स व्ह्यू’ (नुसत्या संदर्भासाठी) आणि ‘डिझाइन ट्रान्सफर व्ह्यू’ (पुढे बदल करण्यासाठी) असे दोन वेगळे मार्गच केले. हे आधी वाचलं असतं तर ते दोन आठवडे वाचले असते.

मग पद्धत बदलली. ज्याचं मॉडेल त्यानेच बदलायचं. दर शुक्रवारी प्रत्येकाने आयएफसी काढायची, आणि इतरांनी ती आपल्या मॉडेलच्या मागे संदर्भ म्हणून जोडायची. तिन्ही एकत्र बघायला आम्ही ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं बॉन्साय हे जोड-साधन वापरतो. ते फुकट आहे आणि उत्तम आहे. शेरे बीसीएफ फाइलने (मॉडेलवरचे शेरे पाठवण्याच्या फाइल-प्रकाराने) फिरतात. शेऱ्यावर क्लिक केलं की समोरच्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच बीम उघडतो, कारण प्रत्येक घटकाला २२ अक्षरांची स्वतःची ओळख असते. एकच पथ्य : दरवाजा पुसून नवा काढू नका, आहे तोच बदला. पुसला की ओळख गेली, आणि जुना शेरा अधांतरी राहिला.

या पद्धतीचं चीज झालं ते टॉयलेटच्या सन्कन स्लॅबपाशी (पाइपांसाठी खाली उतरवलेल्या स्लॅबपाशी). तिसऱ्या मजल्यावर ११० मिमीचा ड्रेनेज पाइप थेट बीममधून जात होता. तिघांच्या ड्रॉइंगमध्ये आपापल्या जागी सगळं बरोबर होतं, एकत्र मॉडेलमध्ये मात्र पाच मिनिटांत दिसलं. पाइप बाजूच्या डक्टमधून वळवला. हे साइटवर कळलं असतं तर ओतलेला बीम फोडायची भाषा सुरू झाली असती.

दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्या. पहिली, उगमबिंदू, म्हणजे मॉडेलचं शून्य कुठे धरायचं ते. सर्व्हेवाल्यांनी मॉडेल यूटीएमच्या (मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या नकाशा-पद्धतीच्या) खऱ्या निर्देशांकांवर बसवून दिलं होतं. पुण्यात उत्तरेकडचा आकडा जवळपास २० लाख ४८ हजार मीटर येतो. एवढ्या आकड्यावर संगणकाच्या ३२ बिटी दशांश गणितात लगतच्या दोन बिंदूंमधलं अंतरच साडेबारा सेंटीमीटर होतं, म्हणून खिडक्यांच्या चौकटी थरथरताना दिसत होत्या. इमारतीच्या एका कोपऱ्यातल्या कॉलमवर शून्य धरलं, खरे निर्देशांक फक्त माहिती म्हणून ठेवले, आणि थरथर थांबली.

दुसरी, क्वांटिटी, म्हणजे मालाचं मोजमाप. आमचा १२५ मिमी स्लॅब बीमवरून सलग जात होता आणि कन्सल्टंटचा ६०० मिमी खोल बीम स्लॅबच्या माथ्यापर्यंत होता. दोन्ही मॉडेलची बेरीज केली की बीमच्या काँक्रीटचा पाचवा हिस्सा दोनदा मोजला जात होता. ठेकेदाराला आकडे देण्याआधी हे सापडलं म्हणून बरं. कुठला घटक कोणाच्या मॉडेलमधून मोजायचा, हे आता आम्ही कागदावर लिहून घेतो.

मॉडेल एका सॉफ्टवेअरमधून उचलून दुसऱ्यात पुढचं काम करायचं असेल, तर आयएफसीच्या भरवशावर राहू नका. महत्त्वाचे भाग नव्याने काढायला वेळ धरा. तीन ऑफिसांनी मिळून एक इमारत उभी करायची असेल, तर मात्र मी डीडब्ल्यूजीच्या (कॅड ड्रॉइंगच्या फाइलच्या) रेघांकडे परत जाणार नाही. शिवाय आयएफसी ही साधी मजकुराची फाइल आहे, नोटपॅडमध्येही उघडते. हे मला मनापासून आवडतं.

पुढचं काम बंगल्याचं आहे. या वेळी करार होण्याआधीच सगळ्यांना एक छोटी फाइल पाठवली : एक खोली, एक जिना, एक सन्कन स्लॅब. ती तिघांकडे नीट उघडल्यावरच प्लिंथ काढायला घेतला.